कुठून आलं हे?

बऱ्याच दिवसांनी इकडे फिरकतेय. मधल्या काळात दोघातिघांनी मेल करून विचारलं, ब्लॉग बंद केला की काय. नाही हो, बंद कशाला करीन? एक विषय दोन-तीन वर्षं डोक्यात घोळत होता आणि तो लिहिल्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं. विषय जरा रूक्ष वाटेल: साथीचा रोग कुठून आला, कसा पसरला, हे विषाणूच्या जनुकांवरून कसं ओळखतात. पण नेटाने वाचा. घरच्या मंडळींनी तर वाचाच. का, ते पुढे येईल.

आधी उमरखेड न पाहिलेल्यांसाठी थोडा भूगोल. उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे विदर्भात. पण आम्हाला यवतमाळ लांब आणि नांदेड जवळ. लग्नाचं कापड, सोनं, डोळ्यांचा डॉक्टर, पोरांचं कॉलेज, सगळ्यासाठी गाव नांदेडकडे बघतं. लोकसभेलाही आम्ही हिंगोली मतदारसंघात. दक्षिणेला पैनगंगा. आज तिच्यावर पूल आहे आणि पलीकडे हदगाव, पण १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं तेव्हापासून ही नदी म्हणजे दोन राज्यांची शीव होती. अलीकडे इंग्रजी अंमलातलं वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. उमरखेड तेव्हा पुसद तालुक्यात होतं आणि पुसद तालुका वाशीम जिल्ह्यात. १९०५ मध्ये तो जिल्हाच मोडला आणि आम्ही यवतमाळला जोडले गेलो. अशा काठावरच्या गावात 'रोग कुठून आला' या प्रश्नाला एक तयार उत्तर असतं: नदीपलीकडून. पलीकडच्यांचंही उत्तर तेच असतं म्हणा.

जात पडताळणीसाठी ज्यांनी कधी चपला झिजवल्या आहेत त्यांना कोतवाल बुक माहीत असेल. गावातल्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी. भावाच्या कामासाठी पणजोबांची नोंद शोधायची होती म्हणून मी एकदा असली पानं चाळली. मोडी मला धड येत नाही, सोबत एक जाणते गृहस्थ होते, ते वाचून दाखवत होते. १९१८ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरची पानं आली आणि त्यांचा आवाज हळू झाला. नाव, वय, कारण. कारणाच्या रकान्यात 'ताप'. खालच्या ओळीत 'सदर'. त्याच्या खाली 'सदर'. पान उलटलं तरी सदर, सदर, सदर. वयं बघा तर वीस, सत्तावीस, तीस. एरवी मरणाच्या नोंदींत लहान मुलं आणि म्हातारी माणसं जास्त असतात. ही कर्त्या वयाची माणसं होती.

ती मानमोडीची साथ, म्हणजे इन्फ्लुएंझा. जून १९१८ मध्ये मुंबईत पहिली लाट आली, बंदरातून. ती तशी सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती जीवघेणी. तिथून ती रेल्वेच्या वाटेने देशभर गेली. मुंबई-नागपूर मुख्य लाईन मूर्तिजापुरावरून जाते, मूर्तिजापूरहून छोटी गाडी यवतमाळला यायची (आपली शकुंतला!). स्टेशनापासून पुढे बैलगाड्या आणि आठवडी बाजार. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता, घरात दाणा नव्हता. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त होरपळलेल्या मुलखांपैकी एक. सरकारी कागदांत पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण असे मोजकेच खण होते, इन्फ्लुएंझाला वेगळा खण नव्हता. म्हणून सॅनिटरी खात्याला वजाबाकी करावी लागली: एरवीच्या वर्षी तापाने किती मरतात आणि १९१८ ला किती मेले. सुरुवातीचा सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता. पुढच्या अभ्यासकांनी तो एक कोटी वीस लाखांच्या पुढे नेला.

तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं की हा विषाणूचा रोग आहे. माणसाचा इन्फ्लुएंझा विषाणू हाती लागला तो १९३३ साली. आणि १९१८ चा नेमका विषाणू कसा होता हे कळायला २००५ उजाडलं. अमेरिकेत त्या साथीत मेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसाचे तुकडे लष्कराच्या संग्रहात जपून ठेवलेले होते, आणि अलास्कात बर्फाळ जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीचं शव १९९७ मध्ये उकरून तिच्या फुप्फुसाचा नमुना घेतला होता. त्यातून जेफ्री टॉबेनबर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूच्या जनुकांची अक्षरं एकेक करून जुळवली. गंमत पाहा. ज्या देशात सर्वांत जास्त माणसं मेली त्या देशाच्या बाजूला 'ताप' आणि 'सदर' एवढे दोन शब्द, आणि विषाणूची संपूर्ण पोथी मिळाली ती अलास्काच्या बर्फात.

पोथी हा शब्द मी उगाच नाही वापरला. विषाणूच्या जनुकांवरून त्याची वाट शोधण्याचा उद्योग आणि आपल्याकडचं हस्तलिखितांचं शास्त्र हे सख्खे भाऊ आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, १९१९ पासून १९६६ पर्यंत काम चाललं. देशभरातून १,२५९ हस्तलिखितं पाहिली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरची मंडळी काय करत होती? ओळीखाली ओळ ठेवून पाठभेद नोंदवत होती. आमच्या यवतमाळला शारदाश्रमात य. खु. देशपांड्यांनी महानुभावांच्या पोथ्यांवर असंच काम केलं. महानुभावांचं माहूर आमच्यापासून फार लांब नाही, त्यामुळे त्या पोथ्यांविषयी मला लहानपणापासून कुतूहल. लीळाचरित्राची मूळ प्रत धामधुमीत हरवली, मग आठवणीतून पुन्हा लिहिलं गेलं, त्याच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि आज अनेक पाठ आहेत.

आता समजा, एका नकलाकाराने 'नदी' च्या जागी चुकून 'नंदी' लिहिलं. त्या प्रतीवरून उतरलेल्या सगळ्या प्रतींत नंदीच येणार. पुढे त्यातल्याच एका प्रतीची नक्कल करणाऱ्याने एक ओळ गाळली. मग त्याच्या वंशातल्या प्रतींत नंदीही असेल आणि ती ओळही नसेल. तीनशे वर्षांनी कुणी पन्नास प्रती समोर घेऊन बसला तर निव्वळ चुकांवरून तो सांगू शकतो की कुठली प्रत कुठल्या प्रतीच्या घराण्यातली. बरोबर लिहिलेली अक्षरं काहीच सांगत नाहीत, ती सगळ्यांकडे सारखीच असतात. बोलतात त्या फक्त चुका. दोन नकलाकार एकमेकांना न भेटता तीच चूक करू शकतात, तिथे अभ्यासकाची फसगत होऊ शकते, म्हणून एका चुकीवर घराणं ठरवायचं नसतं, चार-पाच चुका एकत्र बघायच्या असतात.

विषाणू म्हणजे फक्त नकलाकार. शरीरात शिरला की त्याचं एकच काम, स्वतःच्या नकला काढणं. कोरोनाची पोथी सुमारे ३०,००० अक्षरांची. साथीत पसरताना तिच्यात महिन्याला साधारण दोन अक्षरं बदलत जातात. त्यातले बहुतेक बदल रोगाच्या दृष्टीने निरुपयोगी, पण वाट शोधणाऱ्याला सोन्यासारखे. नमुना घ्यायचा, अक्षरं वाचायची (याला जिनोम सिक्वेन्सिंग म्हणतात), इतरांनी वाचलेल्या प्रतींशेजारी ठेवायची आणि घराण्याचं झाड काढायचं. प्रत्येक प्रतीवर गाव आणि तारीख लिहिलेली असली की झाडावरून वाटही दिसायला लागते.

आपल्याकडे या कामाचं माहेरघर म्हणजे पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था, एनआयव्ही. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झाली, १९७८ मध्ये आताचं नाव मिळालं. चिकुनगुन्याची गोष्ट तिथलीच, आणि मला ती फार आवडते.

२००६ आठवतंय ना? घरोघरी माणसं भिंतीला धरून चालत होती. आमची आजी सकाळी उठून चहाचा कप दोन्ही हातांनी धरायची, एका हाताने उचलवत नसे. देशभरात त्या वर्षी जवळपास १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. आमच्या शाळेत बार्शीकडचे एक सर होते. ते ठामपणे सांगायचे, "हा काही नवा नाही, आमच्याकडे त्र्याहत्तर सालीच येऊन गेलाय." सर खरंच बोलत होते. चिकुनगुन्या १९६३ मध्ये कलकत्त्यात आणि १९७३ मध्ये बार्शीला येऊन गेला होता. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षं त्याचं नाव नाही. त्यामुळे आपलाच जुना पाहुणा परतला असं वाटणं साहजिक होतं.

पण अक्षरं वाचली तेव्हा निघालं वेगळंच. १९६३ आणि १९७३ चे विषाणू आशियाई घराण्यातले, आणि २००६ चा आफ्रिकन घराण्यातला. २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ आली, मग कोमोरो, मग रियुनियन बेट, आणि तिथून हिंदी महासागर ओलांडून भारत, अशी वाट दिसत होती. म्हणजे सरांचा चिकुनगुन्या आणि आजीचा चिकुनगुन्या, नाव एक, घराणी वेगळी. इथवर गोष्ट सरळ आहे. मग एनआयव्हीच्या लोकांनी आपल्या साठ्यातला एक जुना नमुना काढला. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवत गावी पकडलेल्या डासांतून मिळालेला विषाणू. (यवत, यवतमाळ नव्हे! पुणे-सोलापूर रस्त्यावरचं.) तोही आफ्रिकन घराण्यातला निघाला. साथीच्या पाच वर्षं आधी! कुणी आजारी पडल्याची बोंब नाही, वर्तमानपत्रात ओळ नाही, आणि महाराष्ट्रात हमरस्त्यावरच्या गावात डासाच्या पोटात आफ्रिकन पोथीची एक प्रत. तो नमुना कुणी जपून ठेवला नसता तर आपण आजही म्हणत राहिलो असतो की हे घराणं भारतात पहिल्यांदा आलं ते साथीबरोबरच.

या यवतच्या डासाने मला एक गोष्ट शिकवली आणि पुढची सगळी वर्षं मी कोरोनाच्या बातम्या त्याच चष्म्यातून वाचल्या. 'पहिल्यांदा सापडलं' आणि 'पहिल्यांदा आलं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट शोधणाऱ्याविषयी सांगते, दुसरी रोगाविषयी.

मार्च २०२० मध्ये यवतमाळात पहिले कोरोना रुग्ण सापडले ते दुबईच्या सहलीहून परतलेले. त्या वेळी प्रश्नच नव्हता, विमानाचं तिकीट हाच पुरावा. खरा गुंता झाला पुढच्या वर्षी. फेब्रुवारी २०२१ मध्ये देशभर आकडे उतरत असताना अमरावती, अकोला, यवतमाळ इथे ते अचानक चढायला लागले. यवतमाळात निर्बंध, अमरावतीत टाळेबंदी. काहीतरी नवीन आलंय अशी कुजबुज. तेव्हा अमरावती, यवतमाळ आणि सातारा इथल्या प्रत्येकी चार रुग्णांचे नमुने पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात तपासले गेले आणि राज्य सरकारने सांगितलं की ब्रिटन, दक्षिण आफ्रिका किंवा ब्राझीलमधले प्रकार त्यात नाहीत.

चार नमुने. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्याची लोकसंख्या २७ लाखांच्या वर आहे. शिवाय शोधत होते ते परदेशी पाहुणे. पाहुणे नव्हतेच, पोर घरातच वाढत होतं. २५ डिसेंबर २०२० ला केंद्राने दहा प्रयोगशाळांचं 'इन्साकॉग' नावाचं जाळं उभं केलं होतं, एनआयव्ही त्यात होतीच. २४ मार्च २०२१ ला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं की महाराष्ट्रातल्या सुमारे १५ ते २० टक्के नमुन्यांत ई४८४क्यू आणि एल४५२आर असे दोन बदल दिसताहेत आणि डिसेंबरपेक्षा त्यांचं प्रमाण वाढलंय. विषाणूच्या अंगावर जे काटे असतात त्यांच्या प्रथिनातला ४८४ वा आणि ४५२ वा मणी बदललेला, एवढाच याचा अर्थ. वाहिन्यांनी लगेच 'डबल म्युटंट' म्हणून डांगोरा पिटला. घराण्याचं शास्त्रीय नाव बी.१.६१७. त्याच्या भारतातल्या सर्वांत जुन्या प्रती ऑक्टोबर २०२० च्या आहेत.

आणि इथे पोथ्यांसारखाच चकवा आहे. ज्या ई४८४क्यूची एवढी दहशत होती तो बदल थोरल्या भावाकडे होता, बी.१.६१७.१ कडे, ज्याला पुढे कप्पा म्हटलं गेलं. जगभर ज्याने थैमान घातलं तो धाकटा, बी.१.६१७.२, म्हणजे डेल्टा. त्याच्याकडे ई४८४क्यू नाहीच! सगळे थोरल्याकडे बोट दाखवत असताना धाकटा मागच्या दाराने निघून गेला. ११ मे २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने या घराण्याला चिंताजनक ठरवलं आणि ३१ मे ला ग्रीक अक्षरांची नावं दिली. ती नावं द्यायचं एक कारण हेच की लोक रोगाला देशाचं, गावाचं नाव देतात आणि मग त्या गावच्या माणसाला दारात उभं करत नाहीत. आपल्या सरकारने 'भारतीय व्हेरियंट' या शब्दाला हरकत घेतली ती १२ मे ला. पण त्याच सुमारास आपल्याकडे लोक 'अमरावतीचा व्हायरस' म्हणत होते, त्याला कुणी हरकत घेतली नाही. १९१८ च्या साथीला जगाने स्पॅनिश म्हटलं, कारण महायुद्धात नसलेल्या स्पेनची वर्तमानपत्रं मोकळेपणी बातम्या छापत होती. आपल्या देशात तिलाच लोक बॉम्बे फीवर म्हणत. ज्या गावात मोजणी होते त्याच्या नावावर रोग लागतो, हे शंभर वर्षांत बदललेलं नाही.

आता घरचं. सगळ्यांना माहीत आहे, पण सगळे गप्प आहेत, म्हणून मी लिहितेय.

मार्च २०२१ मध्ये आमच्या उमरखेडच्या वाड्यात साखरपुडा होता. पंचवीस-तीसच माणसं. अमरावतीहून आमचा चुलतभाऊ आला, दोन दिवस राहिला. परत गेला आणि तापाने पडला. इकडे आठ-दहा दिवसांत घरातल्या सहा जणांना ताप. मोठे बाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, त्यांचा ऑक्सिजन उतरायला लागला तेव्हा नांदेडला नेलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ते गेले. मोठी आई तेव्हापासून एकच वाक्य बोलते, "अमरावतीहून त्यानंच आणलं." दादा तेराव्याला आला नाही, कारण कुणी बोलावलंच नाही. महालक्ष्म्यांना दरवर्षी न चुकता येणारा मुलगा, त्यानंतर एकदाही वाड्यात आलेला नाही. ज्या घरात तो उन्हाळाभर मोठ्या बाबांच्या अंगाखांद्यावर खेळला तिथे.

मोठ्या आईच्या दुःखाला मी काय बोलणार? पण तिच्या वाक्याला बोलू शकते. ते वाक्य म्हणजे घराण्याचा दावा आहे, आणि तो तपासता येतो का हे पाहता येतं.

समजा, त्या सहाही जणांचे आणि दादाचे नमुने पुण्याला गेले असते आणि सगळ्यांची अक्षरं वाचली गेली असती. विषाणू एका माणसातून दुसऱ्यात जायला चार-पाच दिवस लागतात. एक अक्षर बदलायला सरासरी दोन आठवडे. म्हणजे देणाऱ्याची प्रत आणि घेणाऱ्याची प्रत पुष्कळदा अक्षरन् अक्षर सारखी. सातही पोथ्या एकसारख्या समोर आल्या तर मूळ कुठली आणि नक्कल कुठली? दादाकडून मोठ्या बाबांना गेलं, की मोठ्या बाबांकडून दादाला, की तिसऱ्याच कुणाकडून दोघांना, यातलं काहीही झाडावरून वाचता येत नाही. आणि मोठे बाबा साखरपुड्याआधीच्याच आठवड्यात डोळे दाखवायला नांदेडला जाऊन आले होते, हे आपण कुणी मोजतच नाही. नांदेडात तेव्हा रुग्ण इतके वाढले होते की २५ मार्चपासून टाळेबंदी लागली. बांगड्यावाली, आचारी, हळदीच्या व्यापाराला येणारी माणसं, घराला त्या आठवड्यात दहा वाटा होत्या.

उलट प्रती एकमेकींपासून बऱ्याच वेगळ्या निघाल्या असत्या, दहा-बारा अक्षरांनी, तर मात्र ठामपणे म्हणता आलं असतं की याच्याकडून त्याला गेलेलं नाही. या शास्त्राला 'नाही' म्हणता येतं, 'हो' म्हणताना ते अडखळतं. आणि त्याच्या 'नाही' ने माणसं फासावरून वाचवायचा प्रयत्न केलाय. लिबियात बेनगाझीच्या रुग्णालयात चारशेवर मुलांना एचआयव्हीची लागण झाली. पाच बल्गेरियन नर्सेस आणि एक पॅलेस्टिनी डॉक्टर यांना १९९९ मध्ये पकडलं, मुद्दाम रोग पसरवला म्हणून मृत्युदंड ठोठावला. डिसेंबर २००६ मध्ये 'नेचर' मध्ये एक अभ्यास आला. मुलांच्या शरीरातल्या विषाणूंची अक्षरं वाचून त्यांच्यातल्या बदलांवरून काळ मोजला, तर हे घराणं १९९८ च्या मार्चच्या आधीपासून, म्हणजे त्या नर्सेस तिथे पोचण्याआधीपासूनच पसरत होतं असं निघालं. न्यायालयाने त्याच महिन्यात पुन्हा मृत्युदंड कायम केला. सुटका झाली जुलै २००७ मध्ये, आणि तीही पुराव्यामुळे नव्हे, वाटाघाटींमुळे. तो अभ्यास करणाऱ्यांतले एक, टुलिओ डी ऑलिव्हेरा, नोव्हेंबर २०२१ मध्ये पुन्हा बातम्यांत दिसले. दक्षिण आफ्रिकेत त्यांच्या गटाने ओमायक्रॉन ओळखून जगाला तातडीने कळवलं, आणि जगाने काय केलं, तर दक्षिण आफ्रिकेची विमानं बंद केली. सापडलं तिथूनच आलं, हा हिशोब नुसत्या आमच्या वाड्यातला नाही.

आमच्या घरच्या सात नमुन्यांचं म्हणाल तर ते प्रयोगशाळेच्या वाऱ्यालाही नव्हते. गावात पाच जणांची अँटिजेन चाचणी झाली. नाकात काडी, पट्टीवर दोन रेघा, पट्टी कचऱ्यात. त्या पट्टीतून तेव्हा अक्षरं वाचली जात नसत, त्यासाठी आरटीपीसीआरचा नीट थंडीत ठेवलेला नमुना लागायचा. सुरुवातीला पाच टक्के बाधितांचे नमुने वाचायचे असं ठरलं होतं, प्रत्यक्षात त्याच्या जवळपासही पोचता आलं नाही. २४ मार्चपर्यंत राज्यांनी पाठवलेले एकूण नमुने १०,७८७. देशाच्या त्या झाडावर मुंबई-पुण्याच्या फांद्या डवरलेल्या दिसतात, तालुक्याच्या गावांच्या जागी नुसती पोकळी. मोठे बाबा जिल्ह्याच्या आकड्यात आहेत, झाडावर नाहीत. १९१८ च्या पानावरच्या त्या माणसांना निदान 'ताप' आणि 'सदर' होतं. मोठ्या बाबांच्या दाखल्यावर एक शब्द जास्त आहे इतकंच.

एक वाट मात्र अशी आहे जिथे नमुन्यावर कुणाचंच नाव नसतं. सांडपाणी. मुंबईत परळला हाफकिनच्या आवारात एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटर होतं, त्यांनी २००१ पासून पोलिओसाठी गटारातलं पाणी तपासायला घेतलं. पोलिओ पोटातला विषाणू, लाखातल्या ज्या मुलांना लकवा होत नाही त्यांच्याही शौचातून तो पाण्यात येतो. मुंबईच्या सांडपाण्यात मूळचा पोलिओ शेवटचा सापडला तो नोव्हेंबर २०१० मध्ये. त्याची अक्षरं वाचून हा उत्तर प्रदेशातल्या घराण्याचा की बिहारमधल्या, हे सांगता यायचं, आणि त्यासाठी कुठल्या मजुराला किंवा कुठल्या आईला पुढे उभं करावं लागायचं नाही. कोरोनात पुण्याच्या शास्त्रज्ञांनीही सांडपाण्यातून नव्या घराण्यांचा माग काढला.

मी हे घरी फोनवर सांगितलं तेव्हा भाऊ हसला. म्हणाला, "ताई, त्यासाठी आधी गटारं लागतात. आपल्याकडे उघड्या नाल्या." खरंय. कुठली नाली कुठे जाते हे नगरपालिकेच्या माणसाला विचारावं लागेल. पण वाड्यामागची नाली पुढे ओढ्याला मिळते हे मला पक्कं माहीत आहे, लहानपणी त्यात कागदाच्या होड्या सोडल्या आहेत, दादाच्या होडीशी शर्यत लावून. आणि तो ओढा जातो पैनगंगेला, जिथे हदगावच्या बाजूचंही पाणी येतं.